द ब्लेअर विच प्रोजेक्ट: लोक परत परत विचारतात ते प्रश्न

हा पिक्चर मी गेली कित्येक वर्षं लोकांना सुचवतोय आणि दर वेळी तेच होतं, निम्मे लोक रात्री दोनला मेसेज करतात की झोप लागत नाहीये, आणि उरलेले सकाळी विचारतात की यात घाबरण्यासारखं होतं तरी काय. दोन्हीकडचे प्रश्न साठत गेले, ते इथे एकत्र केलेत. प्रश्न ११ पासून पुढे शेवट उघड केलाय, बघितला नसेल तर तिथे थांबा.

१. हा नक्की कसला पिक्चर आहे? भुताचा की जंगलात हरवण्याचा?

दोन्ही, आणि कुठला कधी सुरू होतो ते कळत नाही. हेदर, जॉश आणि माइक ही तीन पोरं ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मेरिलंड राज्यात, बर्किट्सव्हिल गावाजवळच्या जंगलात 'ब्लेअरच्या चेटकिणीवर' डॉक्युमेंटरी करायला जातात आणि गायब होतात. वर्षभराने त्यांनी केलेलं शूटिंग सापडतं, ते म्हणजेच हा पिक्चर, असं सुरुवातीच्या पाटीवरच लिहिलंय. डॅनिअल मायरिक आणि एदुआर्दो सान्चेझ या दोघांनी बनवला, १९९९ ला आला, लांबी फक्त ८१ मिनिटं. तिघांनी आपली खरी नावंच पिक्चरमध्ये वापरलीत: हेदर डोनाह्यू, जोशुआ लेनर्ड, मायकल विल्यम्स.

२. हे खरंच घडलंय ना? माझा मित्र शपथेवर सांगतो.

नाही घडलेलं. चेटकीण, १९४० च्या सुमाराला सात मुलांना मारणारा रस्टिन पार, सगळं रचलेलं आहे, आणि तिघंही ॲक्टर जिवंत आहेत. बर्किट्सव्हिल मात्र खरं गाव आहे, अगदी छोटं, आणि पिक्चर चालल्यावर लोकांनी तिथे गर्दी करून गावाच्या नावाच्या पाट्या चोरून नेल्या. त्या गावाने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं, मला त्या गावकऱ्यांचं फार वाईट वाटतं. शूटिंगचा मोठा भाग तर तिथे झालाच नाही, तो झाला सेनेका क्रीक स्टेट पार्कमध्ये, जे वॉशिंग्टन शहराच्या उपनगरांना लागून आहे.

मित्राला मात्र हसू नका, का ते पुढच्या उत्तरात.

३. पण मग १९९९ ला लोकांनी खरं मानलंच कसं?

कारण त्यांना फसवायला सगळी तयारी नीट केली होती. पिक्चर यायच्या आधीपासून वेबसाइट चालू होती, तिच्यावर पोलीस तपासाचे फोटो, मुलांच्या घरच्यांच्या मुलाखती, चेटकिणीचा १७८५ पासूनचा इतिहास. जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स फेस्टिव्हलला दाखवला तेव्हा गावभर 'बेपत्ता' म्हणून तिघांची पोस्टर लावली होती. टीव्हीवर एक खोटी डॉक्युमेंटरी पण दाखवली. सिनेमांची माहिती देणाऱ्या मोठ्या साइटवर तिघांच्या नावापुढे 'बेपत्ता, मृत समजले जातात' असं होतं आणि तिघांना प्रसिद्धीपासून लांब ठेवलं होतं. हेदरच्या आईला लोकांनी सांत्वनाची कार्डं पाठवली होती. विचार करा, मुलगी धडधाकट आहे आणि दारात रोज ती कार्डं पडतायत.

आता तेव्हाचं इंटरनेट आठवा. एखादी गोष्ट खरी की खोटी हे पाच मिनिटांत शोधून काढायची सोयच नव्हती, सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून बसायचो आपण, जे दिसेल त्यावर विश्वास ठेवायचो. त्यामुळे तेव्हा थिएटरात बसलेल्या माणसाने जो पिक्चर बघितला आणि आज तुम्ही मोबाइलवर बघता तो, रीळ तेच असलं तरी अनुभव एक नाही, आणि आज कुणाला तो थंड वाटला तर त्यात त्याची काही चूक नाही.

४. किती पैशात केला आणि किती कमावले? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

नेहमी सांगतात तो आकडा ६०,००० डॉलरचा. आकडे वेगळे दिसतात कारण जंगलातलं शूटिंग त्याहूनही स्वस्तात झालं होतं, आणि नंतर सनडान्सला एका वितरक कंपनीने पिक्चर विकत घेतल्यावर आवाजाचं काम आणि प्रिंटवर बराच खर्च वाढला. विकला गेला तो जवळपास ११ लाख डॉलरला. जगभरात कमाई झाली २४ कोटी ८० लाख डॉलरच्या घरात. या पैशातलं ॲक्टरांना काय मिळालं हे विचारणारे फार कमी आहेत, त्यांच्यासाठी प्रश्न १५.

५. अख्ख्या पिक्चरमध्ये भूतच दाखवत नाहीत! पैसे वाया.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही. आणि माहिती म्हणून ती शंभर टक्के बरोबर आहे, चेटकीण एकदाही दिसत नाही.

यामागचा एक किस्सा सांगतो. एका रात्री तंबू हलतो, तिघं अंधारात पळत सुटतात आणि हेदर ओरडते, ते काय आहे, ते काय आहे! तिथे खरंच काहीतरी होतं. क्रूमधला एक माणूस पांढरे कपडे घालून, डोक्यावर स्त्रियांचा पायमोजा ओढून उभा केला होता. कॅमेरा ज्याच्या हातात होता तो पळताना कॅमेरा तिकडे वळवायला विसरला, त्यामुळे शूट झालंच नाही. म्हणजे ठरवून सुद्धा भूत फ्रेममध्ये आलं नाही! आणि ते किती बरं झालं, कारण आला असता तर आज आपण सगळे त्या पायमोज्यावर हसत बसलो असतो, आता उरलाय तो फक्त हेदरचा आवाज आणि तिने जे बघितलं ते आपण प्रत्येक जण आपापलं मनात बघतो.

मला विचाराल तर पिक्चरमधली भीती कानात आहे. फांद्या मोडल्याचा आवाज, लांबून येणारं लहान मुलांचं हसणं. म्हणून सांगतो, रात्रीच्या सीनला सबटायटल बंद करा. खाली 'मुलांचा आवाज' असं आधीच लिहून आलं की मजा गेली, तो आवाज आहे की आपल्याला भास झाला हे आपल्याला कळता कामा नये.

६. पहिला अर्धा तास फार पकाऊ आहे, पुढे ढकलू का?

ढकलू नका, प्लीज. शेवट कळला नाही म्हणून विचारणारे बहुतेक जण हा भाग ढकलणारे असतात. गावातले लोक कॅमेऱ्यासमोर बोलतात तेव्हा मध्येच एक जण एक वाक्य सहज बोलून जातो आणि सगळा शेवट त्या वाक्यावर उभा आहे (प्रश्न ११). संथ आहे हे मात्र मान्य. पोरं खरेदी करतात, हसतात, गाडीत गप्पा मारतात, हे अर्धा तास बघितल्यावरच नंतर त्यांचे चेहरे कसे उतरत जातात ते जाणवतं.

७. कॅमेरा इतका हलतो की मळमळायला लागलं. मलाच होतं का?

नाही, १९९९ मध्ये थिएटरात लोकांना खरोखर त्रास झाला होता, उलट्या झाल्या, काही थिएटरांनी बाहेर सूचना लावल्या. लांब बसा, छोट्या स्क्रीनवर बघा, खोलीत एक दिवा चालू ठेवा. गाडी लागणाऱ्यांनी जेवण झाल्या झाल्या बघू नये. आणि तरी जमत नसेल तर सरळ सोडून द्या, सहन करायची काही गरज नाही.

८. हेदर फार डोक्यात जाते. इतकी किरकिरी बाई का घेतली?

याचं उत्तर जरा मोठं होणार आहे, कारण या मुलीवर झालेला अन्याय मला अजून टोचतो.

हेदर पिक्चरमध्ये डॉक्युमेंटरीची डायरेक्टर आहे. सगळं तिने ठरवलंय, नकाशा तिच्याकडे आहे, ती दोघांना हुकूम सोडते, चूक झाली तरी मान्य करत नाही, सारखा कॅमेरा चालू ठेवते. चिडचिड होणारच, ती व्हावी म्हणूनच तसं आहे. आपण ट्रेकला जातो तेव्हा ग्रुपमध्ये असा एक लीडर असतोच ना, मला रस्ता माहितीये म्हणणारा. तो जेव्हा पहिल्यांदा गप्प होतो तेव्हा पोटात गोळा येतो की नाही? तसंच आहे हे. आधी ती तुमच्या डोक्यात गेली नाही, तर नंतर तिचं मोडणं तुम्हाला लागणार नाही.

तिचा तो माफीचा सीन परत बघा. कॅमेरा स्वतःवर धरलाय, अर्धाच चेहरा दिसतो, डोळे, लोकरीची टोपी, नाक वाहतंय आणि ती पुसत पण नाही. माइकच्या आईची, जॉशच्या आईची, स्वतःच्या आईची माफी मागते. यातला एकही डायलॉग तिला कुणी लिहून दिलेला नव्हता. आणि या कामासाठी तिला काय मिळालं, तर त्या वर्षीचं सगळ्यात वाईट अभिनेत्रीचं 'रॅझी', म्हणजे वाईट कामाची खिल्ली उडवणारं बक्षीस! दोघा पोरांचं नाव त्या यादीत सुद्धा नव्हतं, आणि नकाशा लाथेने ओढ्यात उडवणारा माइक होता हो. त्याला कुणी किरकिरा म्हणत नाही. मेसेज करणाऱ्यांत बायका पण आहेत, पुरुष पण, नव्वद टक्के राग हेदरवर. एकदा दुसऱ्यांदा बघा आणि नुसतं मोजा, कोण किती वेळा ओरडतं.

९. ॲक्टर खरंच घाबरले होते की ॲक्टिंग?

मिसळ आहे, म्हणूनच वेगळं करता येत नाही. स्क्रिप्ट नव्हती, गोष्टीचा ढोबळ आराखडा होता. ऑक्टोबर १९९७ मध्ये आठ दिवस तिघांना जंगलात सोडलं, शूटिंग त्यांनीच करायचं, एक व्हिडिओ कॅमेरा आणि एक १६ एमएमचा फिल्म कॅमेरा. हातात जीपीएस, ठरलेल्या जागी पोचलं की क्रेटमध्ये खाणं, बॅटरी आणि प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी, जी दुसऱ्याला दाखवायची नाही. म्हणजे आज जॉश काय करणार हे हेदरला माहीत नाही. रात्री दिग्दर्शक आणि टीम जंगलात फिरून आवाज काढायची, मुलांच्या आवाजाच्या टेप लावायची, तंबू बाहेरून गदागदा हलवायची. खाणं दिवसेंदिवस कमी करत नेलं. निर्मात्यांपैकी ग्रेग हेल आर्मीत होता, तिथल्या ट्रेनिंगवरून ही युक्ती सुचली.

फक्त एक लक्षात घ्या, त्यांना कुणी मरणाच्या दारात नेलं नव्हतं. सीनमधून बाहेर यायचं असेल तर 'टॅको' हा परवलीचा शब्द ठरलेला होता. भूक खरी, थंडी खरी, चिडचिड खरी, भुताची भीती मात्र त्यांनी ॲक्टिंग करून उभी केली. अशा जवळपास २० तासांच्या शूटिंगमधून ८१ मिनिटं काढली.

१०. एवढी अक्कल नाही का, ओढ्याच्या कडेकडेने चालत गेले असते तर बाहेर पडले असते!

हा प्रश्न ट्रेकर लोकांचा. आणि नियम म्हणून बरोबर आहे, पाणी खाली जातं आणि खाली कधी ना कधी वस्ती लागते. पण त्यांनी पण काहीतरी केलंच की, होकायंत्र धरून दिवसभर दक्षिणेला चालतात आणि संध्याकाळी कुठे येतात, तर सकाळच्याच आडव्या पडलेल्या झाडापाशी.

हा सीन आपल्या लोकांना समजावून सांगायची गरजच पडत नाही. आमच्या कुडाळच्या मामाकडे मे महिन्यात पडवीत लॅपटॉपवर हा पिक्चर लावला होता, आम्ही भावंडं सहा-सात जण आणि मागे आजी, तिला इंग्लिश ओ की ठो कळत नव्हतं, ती आपली सुपातले तांदूळ निवडत बसलेली. ते झाड परत आलं आणि हेदर रडायला लागली तेव्हा आजीने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "चकवो लागलो तेंका." बस. आम्ही सगळे गप्प. पुढे ती उठलीच नाही, शेवटपर्यंत बघितला तिने, आणि झाल्यावर मामाला म्हणाली की पडवीतला दिवा आज राहू दे.

चकवा लागला की चालायचं नाही, आहे तिथे उजाडेपर्यंत बसायचं, असं आजी सांगायची. मेरिलंडच्या पोरांना हे सांगायला कुणी नव्हतं.

(कॅमेरा बंद का करत नाहीत, असं पण याच्या जोडीने विचारतात. त्याचं उत्तर पिक्चरमध्येच आहे, जॉश तिला म्हणतो की यातून बघितलं की सगळं खरं वाटत नाही ना. तोच तिचा आधार आहे, म्हणून सोडत नाही.)

११. शेवट कळला नाही. माइक भिंतीकडे तोंड करून का उभा होता? (इथून पुढे शेवट उघड)

सुरुवातीच्या मुलाखतींत गावातला माणूस सांगतो की रस्टिन पार मुलांना दोन-दोनच्या जोडीने तळघरात न्यायचा, एकाला कोपऱ्यात तोंड करून उभं करायचा आणि दुसऱ्याला मारायचा, कारण कुणी बघतंय हे त्याला सहन व्हायचं नाही. आता शेवट बघा. पडकं घर, भिंतींवर छोट्या छोट्या हातांचे ठसे, तळघरात माइक कोपऱ्यात उभा, म्हणजे पाळी कुणाची आहे ते उघड आहे. हेदरचा कॅमेरा पडतो. संपलं.

गंमत म्हणजे हा खुलासा पहिल्या कटमध्ये नव्हता. कंपनीला शेवट बदलून हवा होता, दुसरे शेवट शूट पण केले, पण दिग्दर्शक मूळ शेवटावर ठाम राहिले आणि फक्त मुलाखतीतलं ते वाक्य नव्याने घेतलं. माझ्या मते पिक्चरमधला सगळ्यात शहाणा निर्णय हा. काहीही वाढवून न दाखवता एका वाक्याने काटा आणला.

१२. शेवटच्या सीनला हेदर किंचाळते ते लांबून का ऐकू येतं? साउंडचा घोळ आहे का?

घोळ अजिबात नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याने नीट ऐकलंय म्हणून मला फार आनंद होतो. माइककडे व्हिडिओ कॅमेरा आहे, तो आवाज रेकॉर्ड करतो. हेदरच्या हातातल्या १६ एमएम कॅमेऱ्यात आवाज नसतो. माइक आधी पळत तळघरात जातो, त्याचा कॅमेरा खाली पडतो पण चालूच असतो. तिथून पुढे चित्र दिसतं हेदरच्या कॅमेऱ्यातून आणि आवाज येतो तळघरातल्या माइकच्या कॅमेऱ्यातून. म्हणून ती जिने उतरत येते तसतशी तिची किंकाळी आपल्याजवळ जवळ येत जाते. म्हणजे डोळे हेदरचे आणि कान तळघरात जे काही उभं आहे त्याच्या शेजारी. हेडफोन लावून एकदा ऐका, मला तिसऱ्यांदा बघताना कळलं आणि मी तिथेच लॅपटॉप मिटला.

१३. जॉश आणि माइकने मिळून हेदरला मारलं, हे खरं का?

ही थिअरी बरीच फिरते. बाजूने बोलायचं तर दोघं तिच्यावर वैतागलेले असतात, जॉश आधी गायब होतो, शेवटी माइक तिच्या मदतीला येत नाही आणि अलौकिक म्हणावं असं डोळ्यांना काही दिसत नाही. पण मला नाही पटत. काटक्यांच्या मोळीत जॉशच्या शर्टाचा रक्ताळलेला तुकडा निघतो, आणि रात्री तंबूत तिघं एकत्र असतानाच बाहेर मुलांचे आवाज येतात, ते मग कोण काढत होतं? दिवसभर सरळ चालून परत तिथेच येण्याचं काय (प्रश्न १०)? तरी कुणाला तसा बघायचा असेल तर तसाही तो चालतो.

१४. असा 'सापडलेल्या शूटिंगचा' हा पहिलाच पिक्चर का? आणि पुढचे भाग बघू का?

पहिला नाही, १९८० चा इटालियन 'कॅनिबल होलोकॉस्ट' आधीचा आहे, तो मात्र खूप क्रूर आहे, सहज म्हणून लावू नका. ब्लेअर विचने ही पद्धत घरोघरी नेली इतकं नक्की. दुसरा भाग २००० मध्ये आला, त्यात ती पद्धतच सोडून दिलीये, नाही बघितला तरी चालेल. २०१६ च्या भागात हेदरचा भाऊ तिला शोधायला त्याच जंगलात जातो, तो बघण्यासारखा आहे पण त्यात बरंच काही दाखवून टाकलंय आणि जे दाखवलं ते मी विसरलो. लहान मुलांना किंवा आईवडिलांना घेऊन पहिला भाग बघणार असाल तर रक्तपात फारसा नाही, शिव्या मात्र भरपूर आहेत.

१५. पिक्चरने एवढं कमावलं, मग तिघांना काय मिळालं?

फार थोडं, आणि ते तिघं हे उघडपणे सांगत आलेत. शूटिंग त्यांनी केलं, संवाद त्यांचे, खरी नावं त्यांची, आणि पिक्चर खरा वाटावा म्हणून ऐन यशाच्या वेळी लपून बसायला लागलं ते पण त्यांनाच. एप्रिल २०२४ मध्ये नवीन ब्लेअर विच पिक्चरची घोषणा झाली तेव्हा तिघांनी मिळून जाहीर पत्र लिहिलं. मागण्या अशा: आतापर्यंतच्या आणि पुढच्या कमाईतला रीतसर वाटा द्या, आमची नावं-चेहरे वापरून पुढे काही करणार असाल तर आम्हाला विचारा. आणि तिसरी मागणी स्वतःसाठी नव्हती. हॉरर किंवा तसले पिक्चर करू बघणाऱ्या कुणा नवख्याला दर वर्षी ६०,००० डॉलर द्या, आमच्या पिक्चरला लागले होते तेवढे.